लाइट गेल्यावर फ्रीझरमधलं काय टिकतं, काय टाकायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरातून मी मटार, अळूवडीचे उंडे, सीताफळाचा गर आणि उकडीचे मोदक गोठवून विकते. एप्रिल उजाडला, वळवाचे ढग दिसायला लागले की फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. "लाइट कधीची गेलीय, तुमचे मटार ठेवू का टाकू?" कुणी रात्री अकराला विचारतं, कुणी चिकनच्या पिशवीचा फोटो पाठवतं. प्रत्येकाला घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लाइट गेली. सगळ्यात आधी काय करू?

फ्रिजचं दार उघडू नका. हे पहिलं, आणि बरेचदा एवढंच पुरतं. मग घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहून तो फ्रिजच्या दाराला लावा. "साधारण दुपारी गेली होती" यावर नंतर कुठलाच निर्णय घेता येत नाही.

त्यानंतर जिन्यात किंवा समोरच्या इमारतीत लाइट आहे का बघा. फक्त तुमच्याच घरातली गेली असेल तर एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा मुख्य स्विच, पडलेला असू शकतो. सगळीकडचीच गेली असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा. शेजाऱ्यांनी केली असेल असं धरून चालू नका. फ्रिजचं बटण बंद करून ठेवा, त्याचं कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

२. दार उघडलं नाही तर किती तास टिकतं?

खालच्या फ्रिजच्या कप्प्यातलं सुमारे ४ तास. गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. हे आकडे जगभर सांगितले जातात आणि ते बरोबर आहेत, पण फ्रीझर आधीपासून उणे १८ अंश सेल्सिअसला असेल आणि दार बंदच राहिलं असेल तरच. पुण्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी ३८ अंश असताना ४८ तासांच्या भरवशावर बसू नका. मी स्वतः भरलेल्या डीप फ्रीझरसाठी उन्हाळ्यात ३० तास धरते.

३. आमचा साधा एकदारी फ्रिज आहे, वर बर्फाचा छोटा कप्पा. त्याला पण २४ तास?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा फ्रिजच्या पोटातच असतो, त्याला जाड भिंत नसते, एक पातळ झाकण असतं. बाहेरचं मुख्य दार उघडलं की गरम हवा थेट त्या झाकणाला भिडते.

आमच्या १९० लिटरच्या जुन्या फ्रिजमध्ये मी एका एप्रिलमध्ये मुद्दाम बघितलं होतं. कप्पा अर्धा भरलेला, स्वयंपाकघरात ३४ अंश. पाच तासांनी मटारच्या पिशवीच्या कडेचे दाणे बोटानं दाबले जायला लागले. नऊ तासांनी पिशवीच्या तळाशी हिरवट पाणी होतं आणि दाणे सुटे, ओले झाले होते. म्हणून एकदारी फ्रिज असेल तर ५ ते ६ तासांनंतर पर्याय शोधायला लागा (प्रश्न ७ आणि ११). दोन दारांचा, वर वेगळा फ्रीझर असलेला फ्रिज यापेक्षा बरा, पण डीप फ्रीझरइतका नाही. काही कंपन्या माहितीपुस्तिकेत लाइट गेल्यावर गारवा किती तास टिकतो ते छापतात. ती पुस्तिका कपाटातून काढून एकदा वाचा.

४. फ्रीझर गच्च भरलेला असला तर जास्त टिकतो, असं का? उलट जास्त सामान म्हणजे जास्त खराब होणार ना?

हा प्रश्न मला आवडतो, कारण हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप समजतं.

उणे १८ अंशाचा एक किलो बर्फ शून्य अंशापर्यंत यायला साधारण ९ किलोकॅलरी उष्णता लागते. पण शून्य अंशाचा तोच बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी व्हायला ८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे गोठलेली वस्तू शून्याच्या आसपास पटकन येते आणि मग तिथेच खूप वेळ रेंगाळते. बाहेरून आत शिरणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होत असते, तापमान वाढवायला काही उरत नाही. जोवर बर्फ शिल्लक आहे तोवर आतलं अन्न सुरक्षित आहे, ते यामुळेच. बर्फ संपला की मात्र तापमान भराभर चढतं.

रिकाम्या फ्रीझरमध्ये असते हवा. हवेत गारवा साठत नाही, दार उघडल्याबरोबर ती बाहेर सांडते. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी भरून टाका. बाटली पाऊणच भरा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काचेची बाटली नको. माझ्या फ्रीझरमध्ये कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या कायम पाणी भरून आडव्या असतात. मालाची जागा अडते, पण त्या बाटल्या म्हणजे माझी बॅटरी आहे.

थोडं पुढचं : एका लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून गोठवलं तर तो बर्फ शून्याऐवजी उणे ६ अंशांच्या आतच वितळतो. साध्या बर्फानं अन्न सुरक्षित राहतं, मिठाच्या बर्फानं ते कडकही राहतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात "मीठ" लिहा, नाहीतर उन्हातून आलेलं पोर तीच तोंडाला लावेल.

५. गुरुवारी दिवसभर लाइट जाणार असा मेसेज आलाय. आदल्या दिवशी काय करू?

पुण्यात दुरुस्तीची कामं बरेचदा गुरुवारी निघतात आणि मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर महावितरणचा मेसेज आधी येतो. नंबर नोंदवला नसेल तर आजच नोंदवा.

बुधवारी सकाळी फ्रीझर सगळ्यात गार खुणेवर करा. रिकाम्या जागेत बाटल्या भरा. त्या पूर्ण गोठायला बारा-पंधरा तास लागतात, म्हणून रात्री झोपताना ठेवून चालत नाही. पिशव्या एकमेकींना चिकटवून, एकावर एक रचा. सुट्या विखुरलेल्या पिशव्या लवकर वितळतात, एकत्र रचलेल्या एकमेकींना गार ठेवतात. कच्चं चिकन आणि मासे सगळ्यात खाली, कडा असलेल्या स्टीलच्या ताटात किंवा डब्यात ठेवा. वितळलंच तर त्याचं पाणी आमरसावर गळायला नको.

गुरुवारी लागणारं दूध, लोणी, चटणी, भाजी लाइट जायच्या आधी एकदाच बाहेर काढा. दोन गोठलेल्या बाटल्या खालच्या फ्रिजमध्ये वरच्या फळीवर ठेवा, गार हवा खाली उतरते. आणि बुधवारी नवं काही गोठवायला टाकू नका. किलोभर ताजे सोललेले मटार आत गेले की आधी गोठलेल्या मालाचा गारवा ते ओढून घेतात.

६. थर्मामीटर खरंच लागतो का? हाताला गार लागतंय की.

लागतो. हाताला ४ अंशही गार लागतात आणि १२ अंशही. जिवाणूंच्या दृष्टीनं या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४ अंशांपर्यंत त्यांची वाढ अगदी मंद असते, तिथून वर ६० अंशांपर्यंत ते वाढत राहतात. फ्रिजचा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. लांब वायरचा असेल तर उत्तम, टोक आत आणि आकडा बाहेर, म्हणजे बघण्यासाठी दार उघडावं लागत नाही.

मी हे सगळं चुकीतून शिकले. एका मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला, गल्लीतलं गुलमोहराचं झाड तारांवर पडलं आणि लाइट बावीस तास नव्हती. डीप फ्रीझर भरलेला होता, तो सहज टिकला असता. पण मला धीर धरवेना. दर दोन तासांनी मी झाकण उघडून वरच्या पिशव्या दाबून बघत होते. सकाळी वरच्या थरातला चौदा किलो सीताफळाचा गर पातळ झाला होता, खालचा दगडासारखा होता. सासवडच्या बाजारातून आणून आम्ही चौघींनी दोन दिवस बसून एकेक बी काढलेला गर होता तो. त्याच आठवड्यात थर्मामीटर आणला.

७. बाहेरून बर्फ आणून ठेवला तर चालेल का?

चालेल, आणि लाइट आठ-दहा तासांपेक्षा जास्त जाणार असेल तर आणाच. बर्फाच्या कारखान्यात लादी मिळते, छोटे तुकडे मागण्यापेक्षा लादीचा मोठा तुकडा घ्या. मोठा तुकडा सावकाश वितळतो. आणताना गोणपाटात गुंडाळा.

रंगाकडे लक्ष द्या. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. निळसर बर्फ फ्रीझर गार ठेवायला चालतो, पण तो जाड पिशवीत बांधून, अन्नाला न लागता ठेवा आणि त्याचं पाणी अन्नावर येऊ देऊ नका.

एकदारी फ्रिज असणाऱ्यांनी सगळा माल थर्माकोलच्या खोक्यात हलवावा. औषधांच्या दुकानात किंवा मासळीवाल्यांकडे असे खोके मिळतात. मासळीचा असेल तर स्वच्छ धुऊन, वाळवून घ्या. खाली बर्फ, मध्ये पिशव्या, वर पुन्हा बर्फ, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी. लहानपणी वाड्यात पॉट आइस्क्रीम केलेलं ज्यांना आठवतं त्यांना बर्फात खडे मीठ टाकण्याचं कारण वेगळं सांगायला नको. मीठ-बर्फाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. पण मीठ टाकलेला बर्फ लवकर संपतो, म्हणून आइस्क्रीम किंवा मासे कडकच ठेवायचे असतील तेव्हाच मीठ टाका.

८. सुका बर्फ मिळाला तर?

सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. काम जबरदस्त करतो. सुमारे ५०० लिटरचा भरलेला फ्रीझर २३ किलो सुक्या बर्फावर दोन दिवस निघतो. औद्योगिक वायू विकणाऱ्यांकडे मिळतो, आधी फोन करून जा.

पण घरात तो बेतानं वापरा. उघड्या हातानं धरला तर कातडी भाजते, जाड हातमोजे हवेत. पुठ्ठ्यावर ठेवा, अन्नावर थेट नको. त्याचा वायू होत राहतो, म्हणून हवाबंद डब्यात कधीच भरायचा नाही, डबा फुटतो. खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि गाडीतून आणताना काचा खाली ठेवा. लहान मुलं असलेल्या एका खोलीच्या घरात मी तो आणणार नाही.

९. फ्रिजला गोधडी गुंडाळली तर फायदा होतो का?

होतो, लाइट नसताना. आजीची जाड गोधडी किंवा दोन रजया चारही बाजूंनी गुंडाळा. पण लाइट आल्याबरोबर ती काढलीच पाहिजे. आजकालच्या बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्यात असतात, तिथे गोधडी राहिली तर कंप्रेसर तापतो. घरात कुणी नसणार असेल तर गुंडाळूच नका.

१०. इन्व्हर्टरवर फ्रिज चालेल का? आणि सोसायटीच्या जनरेटरवर?

घरातल्या इन्व्हर्टरची जोडणी बहुधा दिवे आणि पंख्यांपुरतीच असते, फ्रिजचा प्लग त्यावर नसतो. इलेक्ट्रिशियनकडून तो जोडून घेता येतो, पण दोन गोष्टी बघा. इन्व्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा हवा, स्क्वेअर वेव्हवर कंप्रेसर गुरगुरतो आणि तापतो. दुसरं, सुरू होताना कंप्रेसर काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, तेवढी ताकद इन्व्हर्टरमध्ये पाहिजे.

हिशेब असा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर, त्यातले १२०० धरा. कंप्रेसर सलग चालताना १०० ते १५० वॉट घेतो, म्हणजे फक्त फ्रिज चालवला तर आठ ते बारा तास. पंखे चालू असतील तर निम्मे. म्हणून फ्रिज सलग न चालवता दर तीन-चार तासांनी तासभर चालवा. फ्रीझर भरलेला असेल तर तेवढं पुरतं.

सोसायटीचा जनरेटर बहुतेक ठिकाणी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी असतो. जिन्यातल्या प्लगवरून एक्स्टेंशन ओढून फ्रिज लावणं धोक्याचं आहे, शिवाय चार घरांनी लावले की जनरेटरच बंद पडतो. सचिवांशी बोलून क्लब हाउसमध्ये एक सामायिक डीप फ्रीझर ठेवता आला तर बघा. आमच्या शेजारच्या सोसायटीत असं केलंय आणि मे महिन्यात त्याचा खूप उपयोग होतो. स्वतःचा पेट्रोल जनरेटर असेल तर तो बाल्कनीत किंवा घरात कधीही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसं झोपेतच जातात.

११. सगळं उचलून नातेवाइकांकडे नेऊ का?

पुण्यात एका भागात लाइट नसते तेव्हा दोन किलोमीटरवर असते, त्यामुळे हा मार्ग चांगला आहे. पण आधी फोन करा. मावशीचा फ्रीझर आधीच भरलेला असेल तर तुमचा अर्धवट मऊ माल आत गेल्यानं तिचाही मऊ होतो. न्यायचंच असेल तर माल कडक असतानाच न्या, आणि आधी मांस, मासे, दुधाचे पदार्थ. भाज्या नंतर.

१२. लाइट आली. आता हे परत गोठवता येईल का?

दोनपैकी एक तरी अट पूर्ण होत असेल तर हो : आत बर्फाचे कण शिल्लक असले पाहिजेत, किंवा थर्मामीटर ४ अंशांच्या वर गेलेला नसला पाहिजे.

बर्फाचे कण कसे ओळखायचे? पिशवी न उघडता दोन्ही हातांनी हलकेच वाकवा. बर्फ असेल तर बोटांना आतून बारीक कुरकुर जाणवते. मटार असतील तर दाणे गठ्ठ्यानं हलतात. गर असेल तर मधोमध दाबा, कडेला नाही. कडा आधी वितळते, गाभा सगळ्यात शेवटी.

कुरकुर नसेल, थर्मामीटरही नसेल, पण वस्तू अजून फ्रिजइतकी गार असेल, तर ती त्याच दिवशी शिजवून संपवा. ४ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त गेले असतील तर मांस, मासे, दूध, शिजवलेले पदार्थ टाकून द्या. एकदा मऊ होऊन परत गोठवलेल्या वस्तूची चव आणि पोत उतरतो, पण ती सुरक्षित असते. पिशवीवर तारखेजवळ एक फुली मारा आणि ती आधी वापरा.

१३. प्रत्येक पदार्थाचं वेगवेगळं सांगा ना. मटारला जे लागू ते चिकनला पण का?

नाही, फरक आहे.

मटार, मक्याचे दाणे, चिरलेल्या भाज्या : ४ अंशांच्या वर सहा तासांपर्यंत गेले असतील तर लगेच शिजवून संपवा. सहा तासांच्या वर गेले तर टाका. चिकट झाले असतील तर तास मोजत बसू नका.

आमरस : आंब्यात आंबटपणा आणि साखर दोन्ही असल्यानं तो थोडा सोशिक आहे. पूर्ण वितळला तरी आंबूस वास, फेस किंवा फुगलेली पिशवी नसेल तर परत गोठवता येतो. दूध घातलेला आमरस मात्र दुधाच्या नियमात मोडतो.

सीताफळाचा गर : लोक याला आमरसासारखंच धरतात. सीताफळाला आंबटपणा नाही. वितळला आणि गार राहिला नाही, तर दोन तासांचा नियम (प्रश्न १२).

खोवलेला नारळ : फार लवकर बिघडतो. बर्फाचे कण नसतील तर त्याच दिवशी वापरा, आणि किंचित साबणासारखा किंवा आंबट वास आला तर टाका.

पुरण आणि अळूवडीचे उंडे : दोन्ही शिजवलेले, दोन्ही डाळीचे. दोन तासांचा नियम. गार असताना सापडले तर उंडे कापून लगेच तळा.

पनीर, खवा, मऊ चीज : दोन तासांचा नियम, सवलत नाही. घट्ट चीज आणि लोणी टिकतं.

चिकन, मटण, खिमा : दोन तासांचा नियम, तोही सगळ्यात कडकपणे. खिम्याच्या बाबतीत शंका आली तरी टाका, त्याचा पृष्ठभाग सगळीकडे उघडा असतो.

मासे : बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांबद्दल प्रश्न १४ वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

पोळ्या, पाव, बिनसारणाचे पराठे : परत गोठवा, काही होत नाही.

आइस्क्रीम : वितळलं की संपलं. परत गोठवून मस्तानीत घालू नका.

१४. वास अजिबात येत नाहीये. चांगलं उकळून खाल्लं तर काय होणार?

दर वेळी हाच वाद होतो आणि घरातली मोठी माणसं यात हट्ट धरतात. मला त्यांचं दुःख कळतं. अन्न टाकायचं नाही या शिकवणीत आपण सगळेच वाढलो. पण वास आणि उकळणं, दोन्ही इथे भरवशाचे नाहीत.

अन्न नासवून वास आणणारे जिवाणू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे. दुसऱ्या प्रकारचे भरपूर वाढले तरी वास, रंग, चव जागेवर असू शकते. उकळल्यावर जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकॉकससारख्या काही जिवाणूंनी आधीच तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या उलट्या करवणाऱ्या विषाचंही तसंच. बांगडा, सुरमई, कुपा या माशांत गारवा गेला की हिस्टामिन तयार होतं. मासा कितीही तळला तरी ते तसंच राहतं, आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात.

चाखून बघणं हा तपास नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर प्रश्न १३ मधल्या सवलतीही घेऊ नका.

१५. आठ दिवस कोकणात होतो. आलो तेव्हा लाइट होती, सगळं गोठलेलं आहे. मध्ये गेली होती का कसं कळणार?

जाण्याआधी एक वाटी पाणी फ्रीझरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. तळाशी असेल तर सगळं पूर्ण वितळून परत गोठलेलं आहे, मासे आणि प्रश्न १३ मधलं दोन तासांच्या नियमाचं सगळं टाका. मधेच अडकलं असेल तर बर्फ अर्धवट वितळला होता, म्हणजे गारवा शून्याच्या आसपास राहिला होता.

वाटी ठेवायची राहिली असेल तर खुणा बघा. मटारचे सुटे दाणे एकच ढेकूळ झाले आहेत का, पिशवीत खाली बर्फाची चकती आहे का, ट्रेमधले बर्फाचे खडे एकमेकांना चिकटून बसके झाले आहेत का, चिकनच्या पाकिटातून लालसर पाणी गळून गोठलंय का. यातलं काहीही दिसलं तर वितळलं होतं असंच धरा.

१६. लाइट सारखी ये-जा करते. दर वेळी तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का?

नाही, तास जमा होत जातात. दोन तास गेली, पंधरा मिनिटं आली, परत तीन तास गेली, तर ते पाच तासच. पंधरा मिनिटांत फ्रीझर भरून निघत नाही.

या ये-जा करण्यात फ्रिजचंच जास्त नुकसान होतं. कंप्रेसर बंद झाल्यावर आतला दाब समान व्हायला तीन-पाच मिनिटं लागतात. त्याआधी लाइट आली तर तो दाबाखालीच सुरू व्हायचा प्रयत्न करतो. शिवाय लाइट येताना व्होल्टेज वरखाली होतं. म्हणून बटण बंद ठेवायचं, लाइट स्थिर झाली की पाच मिनिटांनी चालू करायचं. उशिरानं सुरू होणारा स्टॅबिलायझर असेल तर हे काम तोच करतो.

१७. बाळासाठी साठवलेलं आईचं दूध फ्रीझरमध्ये आहे.

बर्फाचे कण शिल्लक असतील तर परत गोठवता येतं. पूर्ण वितळलं पण अजून गार असेल तर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत बाळाला द्या, परत गोठवू नका. कोमट झालं असेल तर टाकून द्या. मला माहीत आहे, एकेक थेंब जमवलेला असतो. त्यासाठीच या पिशव्या फ्रीझरच्या मधोमध, बाटल्यांच्या वेढ्यात ठेवा, दारात कधीच नको. आणि लाइट गेली की पहिली हलवायची वस्तू हीच.

१८. इन्सुलिन बर्फात ठेवू का?

अजिबात नको. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, दिसायला तसंच असलं तरी. बर्फाला टेकवूही नका. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण २८ दिवस ३० अंशांच्या खाली बाहेर राहू शकतं, प्रकाराप्रमाणे फरक असतो, पाकिटातला कागद बघा आणि औषधाच्या दुकानात विचारा. उन्हाळ्यात खोली त्याहून तापते, तेव्हा घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यानं ओल्या फडक्याचा गारवा चांगला मिळतो. याच गारव्यात कोथिंबीर, काकडी, लिंबंही राहतात. दूध आणि मांस नाही.

१९. घरात पुराचं पाणी शिरलं होतं. फ्रीझरचं दार बंद होतं, आतलं पाकिटबंद आहे.

टाका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत शिरलं, २५ जुलै २०२४ ला मुठा नदीचं पाणी एकता नगरीत. दोन्ही वेळा मला हा प्रश्न आला. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं आणि ते चिकटपट्टी लावलेल्या, झिपच्या, दुमडलेल्या पिशवीत जातं. पाणी न लागलेल्या वरच्या कप्प्यातल्या वस्तूंना प्रश्न १२ आणि १३ लागू. फ्रिज स्वतः वाळवून, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय प्लग लावू नका.

२०. गणेशचतुर्थीच्या पहाटे लाइट गेली. गोठवलेले उकडीचे मोदक मऊ पडायला लागलेत, नैवेद्य दुपारी आहे. काय करू?

दुपारची वाट बघू नका, आत्ताच उकडा. गॅसला लाइट लागत नाही. मोदक पूर्ण मऊ व्हायच्या आत, पाकळ्यांवर बर्फाची पांढरी झाक असतानाच, मोदकपात्रात हळदीच्या पानावर सुटे सुटे ठेवा. एकमेकांना टेकले तर सोडवताना पारी फाटते. पाण्याला उकळी आल्यावरच पात्र चढवा आणि पंधरा ते अठरा मिनिटं चांगली वाफ द्या. आधी मऊ पडू दिले तर उकड पाणी सोडते आणि तळ चिकटून सारण बाहेर येतं.

उकडलेले मोदक झाकून, गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा आणि आरतीआधी पाच मिनिटं पुन्हा वाफ द्या. उरलेले परत गोठवायचे नाहीत, त्या दिवशीच संपवा. पूर्ण वितळून कोमट झालेले सापडले आणि कधीपासून तसे आहेत ते कळत नसेल, तर ते नैवेद्याला घेऊ नका. ओला नारळ आणि तांदळाची पिठी घरात असेल तर पाच ताजे मोदक तासाभरात होतात.